डाव्या मडगार्डचा काठ

४ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, तेव्हा आधी चार शिव्या देऊन घे आणि मग पुढे वाच. फोन बाबांच्या उशाशी असतो, आणि नजर उतरली तशी त्यांच्या कानांना धार चढली आहे असं तूच कळवलंस. म्हणून मी कागदावरच बोलणार. रीत अशी ठेवू: पांढरा कागद बाबांना वाचून दाखवायचा, पिवळा तुझ्यापुरता. पिवळे म्हणजे वर्कशॉपच्या जुन्या पावत्यांची पाठ आहे.

मी ठीक आहे. तुमची ही भिंगरी सात महिने एकाच जागी टिकली आहे. तुझा अंदाज तीनचा होता, लक्षात आहे माझ्या.

मालकाकडे अकरा जुन्या गाड्या आहेत. त्यातल्या दहा गाड्या आहेत आणि एक म्हातारी आहे. हिरवी, बाटलीच्या काचेसारखी गर्द. बाबांच्या जन्माआधी ती कारखान्यातून निघाली आणि त्यानंतर तिच्यावर रंगाचा दुसरा थेंब पडलेला नाही. तसं प्रमाणपत्रच आहे, ते काचेच्या चौकटीत मालकाच्या खुर्चीमागे टांगलंय. रंग मूळचा आहे म्हणून तिचा मान. उद्या कोणी नवा मारला, तर ती चार चाकांचं भंगार. मी तिला पुसतो, मेण लावतो, आणि रविवारी ती मैदानातल्या प्रदर्शनात दोरीच्या आत उभी राहते तेव्हा लोकांपासून राखतो.

आता लोकांचं सांगतो. देवाने माणसाला डोळे दिले ते फुकट गेले बघ. पाटी लावली आहे, हात लावू नका. ती वाचून होते, आणि वाचता वाचताच हात पोचलेला असतो. एक जात असते ती बोटाचं पेर मारून बघणाऱ्यांची, बाजारात कलिंगड वाजवावं तसं. पिकली आहे का बघतात बहुतेक. एक जात आरशात तोंड बघते आणि आरसा स्वतःच्या उंचीला वळवून निघून जाते. एक काकांच्या गाडीवाले असतात. यांच्या काकांकडे अगदी हीच गाडी होती, म्हणून यांना दार उघडून बघायचा हक्क. आणि सगळ्यांत वाईट ते फोटोवाले, बॉनेटवर बूड टेकतात आणि हसतात. स्वतःच्या घरची खुर्चीसुद्धा पुसून बसत नसतील.

मागे एका रविवारी एक टकल्या गृहस्थ म्हातारीच्या छपरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. मी मागून जाऊन त्याच्या टकलावरून तसाच फिरवला. गुळगुळीत होतं, काम चांगलं होतं. मालकाने मला झापलं, पण बाजूला जाऊन हसला.

बाबांच्या डोळ्यांचं कळव. आणि हा कागद पांढरा आहे, टकलाचं मोठ्याने वाच.

शिव्या देऊन झाल्या असतील तर उरलेली माया पाठव.
तुझा
भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर सुधारलंय की पेन चांगलं मिळालंय? सातवीच्या मास्तरांना दाखवायला हवं होतं. टकलाचं मोठ्याने वाचलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले की हात लावणारा प्रत्येक जण चोर नसतो.

का म्हणाले ते आता ऐक. डाव्या डोळ्याने त्यांना आता उजेड तेवढा कळतो, उजव्याने माणूस आहे की दरवाजा आहे एवढंच. तरी सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन बाहेर पडतात. काठी डाव्या हातात. उजव्या तळहाताखाली रुमाल, कापडातून पत्र्याचा चढउतार नीट कळतो म्हणे, आणि तो तळहात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांवरून सरकत जातो. आधार घेतो म्हणतात. आधार कसला, पस्तीस वर्षं गाड्या रंगवलेला हात आहे तो, लागेल त्या पत्र्याची तपासणी चालू असते. आणि तपासून गप्प बसतील तर ते बाबा कसले. बॉनेटला सांगतात की तू मूळची नाहीस. मालक जवळ असला तर मालकाला सांगतात.

समोरच्या दातांच्या डॉक्टरने नवी गाडी घेतली. बाबांनी तिच्या मागच्या दारावर रुमाल फिरवला आणि त्याला सांगितलं की ही ठोकलेली आहे, दार पुट्टी भरून रंगवलंय, तुला नवी म्हणून जुनी गळ्यात मारली. त्याने बाबांचं मनगट धरलं. भर रस्त्यात आंधळा चोर म्हणाला. पुन्हा हात दिसला तर पोलिसांत देईन म्हणाला. मी पडदे शिवत होते, सुई तशीच टाकून धावले. बाबांच्या मनगटावर त्याच्या चारही बोटांचे वळ होते.

तू दोन ओळी बाबांना लिही. माझं ऐकत नाहीत. तुझंही ऐकणार नाहीत, पण तुझ्यावर चिडतील आणि त्यात चार दिवस घरात बसतील. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मे महिन्यात मिळेल, शस्त्रक्रियेने काही होतं का ते तेव्हा कळेल.

दूध उकळायला ठेवलंय. ते उतू जाण्याआधी थांबते.
तुझी
ताई


२४ एप्रिल
(पिवळा कागद. फक्त तुला.)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना मी काय लिहू? लोकांच्या गाड्यांना हात लावणारा माणूस बाप असला तरी मूर्खच. डॉक्टरने मनगट धरायला नको होतं हे खरं, पण मीसुद्धा रविवारी आठ-दहा मनगटं धरतो. आणि बाबांचा हात मी तुझ्यापेक्षा जवळून ओळखतो. त्यांच्या रंगाच्या शेडमध्ये मी पहिलं दार एकट्याने घासलं, रंगवलं, गिऱ्हाईक खूश होऊन उभं होतं, आणि बाबांनी त्याच्यादेखत दारावर तळहात फिरवला आणि मला म्हणाले की मधे घासतोस, काठ सोडतोस, पुन्हा कर. गिऱ्हाइकाने चहा घेतला आणि मी परत पॉलिश पेपर हातात घेतला. त्या दिवशीच ठरवलं होतं की हा हात जिथे पोचणार नाही तिथे जायचं.

आता खरी गोष्ट. हे वाचून कागद जाळ.

मार्चच्या शेवटच्या रविवारी एक फोटोवाला म्हातारीच्या डाव्या मडगार्डवर बसला. मी त्याची कॉलर धरली आणि ओढला. तो एकदम सुटून आला तसा माझा तोल पुढे गेला, आणि माझ्याच कमरेच्या पट्ट्याचं बक्कल मडगार्डवर आदळलं. आमच्याकडे नियम आहे: गाडीजवळ पट्टा नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. पट्टा नवा होता म्हणून मी घातला होता. मसुराएवढा खड्डा पडला आणि बोटभर ओरखडा, थेट पत्र्यापर्यंत. तो फोटोवाला सहीसलामत सुटला, शर्ट झटकून गेला. सात महिन्यांत हजार जणांनी हात लावले असतील, जखम केली ती राखणदाराने.

मालक चार दिवस बाहेरगावी होता. त्या चार दिवसांत मी खड्डा पुट्टीने भरला, घासला, रंग मिसळला. जुना हिरवा जुळवणं म्हणजे काय ते बाबांनाच कळेल. अकरा वेळा मिसळला, अकरा वेळा उन्हात नेऊन बघितला. बाराव्या वेळी जुळला. मालक आला, त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि मेण छान लागलंय म्हणाला. त्याला दिसत नाही, कोणालाच दिसत नाही. मलाच दिसत नाही.

पण हाताला लागेल. म्हणून आता कोणी दोरीकडे सरकलं तरी मी कुत्र्यासारखा धावतो. लोकांना वाटतं, काय इमानी माणूस आहे. कळलं तर नोकरी जाईलच, पण म्हातारीचं प्रमाणपत्र जाईल, आणि ते माझ्या हातून गेलं म्हटल्यावर मला कुठल्या वर्कशॉपमध्ये झाडूसुद्धा मारू देणार नाहीत.

बाबांना यातलं एक अक्षर नको.

रागावलीस तरी दार बंद करू नकोस.
तुझा
भिंगरी

ता. क. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा मोठा मेळावा आहे, तुमच्या त्या हॉस्पिटलच्या शहरात. म्हातारी जाणार, मीही.


२ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत एक टपली.

कागद जाळला. जाळताना वाटलं, तुझ्या अकलेचा पुरावा जळतोय, ठेवायला हवा होता. नवा पट्टा! कोणाला दाखवायचा होता, म्हातारीला?

मालकाला सांग. आज वाईट वाटेल, उद्या त्याच्या दुप्पट वाईट वाटेल. शिवणातही तसंच असतं, चुकलेली शिवण आहे तिथेच उसवावी. मी बाबांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, शब्द दिला. पण तू सांग.

दातांच्या डॉक्टरची बातमी अशी की गाडी ठोकलेलीच निघाली. विकणाऱ्याने कबूल केलं. डॉक्टर आता बाबांना बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातो. माफी मागेल अशी मला आशा नव्हती. पण निदान आपल्या बाजूने चालायचं धैर्य तरी असेल असं वाटलं होतं. दुसऱ्यांचे दात उपटायला पुरतं, तेवढंच असावं.

हॉस्पिटलची तारीख मिळाली, नेमका तुमच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार. बाबांसमोर मेळाव्याचं माझ्या तोंडून निघून गेलं. आता रोज विचारतात की हिरवी गाडी खरंच इतक्या वर्षांच्या रंगाची आहे का. तसा रंग त्यांच्या हाताखालून कधीच गेला नाही म्हणे. रुमाल धुवून ठेवलाय.

उत्तर लवकर दे. राग आहे, पण तो तात्पुरता. मी आहे ती कायमची.
ताई


६ मे
(पिवळा)

ताई,
नमस्कार. घाईत आहे.

त्यांना आणू नकोस. पोट दुखतंय सांग, बस चुकली सांग, मेळावा रद्द झाला सांग. मालकाला मी मेळाव्यानंतर सांगणार आहे, शपथ घेऊ का? पण बाबांचा हात त्या मडगार्डपर्यंत यायला नको. तिथे मालक असेल, कॅमेरे असतील, तीन परीक्षक असतील. बाबांना तोंड आवरत नाही. आयुष्यात त्यांनी वाईट कामाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. आईच्या भाजीलासुद्धा नाही.

आणू नकोस.
भिंगरी


१३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकही शब्द न बोलता निघून गेलात, म्हणून लिहितो. तू काय बघितलंस ते तुझं तू लिही. मी काय बघितलं ते हे.

अकराच्या सुमाराला तुम्ही दोघं दिसलात. बाबांचा हात तुझ्या खांद्यावर. ते इतके बारीक झालेत हे तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस. मी दोरीच्या आतच राहिलो. वाटलं होतं बाबांना लांबूनच बघून घेईन, पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून उभा राहीन. पण तू घात केलास, मालकाला सांगितलंस की आम्ही याच्या घरचे.

मालकाला काय झालं ते तुला माहीत आहे. माझा पॉलिशवाला, त्याचे वडील रंगारी, आणि डोळ्यांनी अधू! त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. हा तोच मालक, जो मला घड्याळ घालू देत नाही. त्याने स्वतःच्या हाताने दोरी उचलली. कॅमेरेवाल्यांना हाका मारल्या. एका रंगाऱ्याचा हात आणि एक मूळचा रंग, असं काहीतरी भाषण ठोकलं. बाबा म्हणजे त्याला मेळाव्यातला आणखी एक खेळ वाटला. परीक्षक मान हलवत उभे, तिघांना मिळून एक मान असावी तशी.

बाबांनी रुमाल काढला. डिकीपासून सुरुवात केली. मागचं दार, पुढचं दार. त्यांचा चेहरा असा मी शेडमध्येही कधी बघितला नव्हता. प्रत्येक पत्र्यावर थोडी मान हलवत होते, जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. मग डावं मडगार्ड आलं.

हात थांबला. मागे गेला. परत आला. मग त्यांनी रुमाल खिशात घातला आणि उघड्या हाताची मागची बाजू तिथे टेकवली. सावलीतला पत्रा गार लागतो, पुट्टी गार लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी तोंडातून श्वाससुद्धा काढला नव्हता, तरी त्यांनी मान बरोबर मी उभा होतो तिकडे वळवली.

मालकाने विचारलं, काय वाटतं? बाबा म्हणाले की मूळचा रंग आहे, चांगला आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूर्ख सगळे. बाबांनी हात पुसला आणि तुला विचारलं की बसचा थांबा कुठल्या बाजूला.

ताई, त्यांनी मला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या असत्या, नोकरी घालवली असती, तर मी आत्ता खोलीवर बसून त्यांना शिव्या घालत असतो आणि बरा असतो. आता कोणाला घालू?

मला हॉस्पिटलचंही कळलं नाही.

तुझा, असलो तर,
भिंगरी


२० मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं आणू नकोस म्हणणारं पत्र आम्ही परत आलो तेव्हा दाराखाली पडलेलं मिळालं. आधी मिळालं असतं तरी बाबांना थांबवणारी मी कोण?

हॉस्पिटलने सांगितलं की शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. आहे तो उजेड वर्षभर राहील, मग तोही जाईल. बाबांनी डॉक्टरीणबाईंना धन्यवाद दिले आणि बाहेर येऊन म्हणाले की चला, हात तर शाबूत आहे. शनिवारी असं म्हणाले होते. म्हणून मी रविवारी मैदानात नेलं, काहीतरी चांगलं हाताला लागावं म्हणून. शब्द दिल्याप्रमाणे मी गप्प होते. मला वाटलं होतं की त्या गर्दीत त्यांना कळणार नाही. माझाही मूर्खपणा तुझ्या यादीत घाल.

बस सुटून दीड तास झाला. मग विचारलं की तुला माहीत होतं ना. मी हो म्हटलं. ते म्हणाले, काम आपल्या भिंगरीचं आहे, मधे घासलंय आणि काठ सोडलाय. आणि मग म्हणाले की मी आज पहिल्यांदा वाईट कामाला चांगलं म्हटलं, आता या हाताचं काय करायचं?

ते मी तेव्हा नुसतं बोलणं समजले. पण त्या दिवसापासून उजवा हात खिशातून निघत नाही. रस्त्यावर जातात ते मधोमध चालतात, गाड्यांपासून लांब. भाजी हाताने निवडत नाहीत. काल आपल्याच जिन्यावर कठडा धरला नाही आणि चार पायऱ्या खाली आले. गुडघा फुटलाय, हाड वाचलं. मी रागावले तर म्हणाले की ज्या हाताने खोटं सांगितलं त्याचा आधार कसा घेऊ.

डोळे जाताहेत त्याला इलाज नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हाताचा इलाज डॉक्टरकडे नाही, तुझ्याकडे आहे. काय तो तू ठरव. मी सांगणार नाही, मी फक्त गुडघ्याला पट्टी बांधते.

लोभ कमी झालेला नाही, म्हणूनच हे इतकं कडू आहे.
ताई


३ जून
(पांढरा. ताई, सगळं मोठ्याने वाच, मधलं गाळू नकोस.)

ती. बाबांस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं त्याच दिवशी मालकाकडे गेलो आणि सांगितलं. पट्टा, खड्डा, पुट्टी, सगळं. तो आधी हसला. मग चष्मा घातला, विजेरी घेतली, मडगार्डसमोर गुडघे टेकले. सापडेना. मी त्याचा हात धरून बरोबर जागेवर ठेवला. तरी सापडेना. बाबा, त्याने शेवटी पलीकडे जाऊन उजव्या मडगार्डवर बोट ठेवून विचारलं की हेच ना? वीस वर्षं गाडी याची आहे. लोकांनी हात लावू नये म्हणून याने दोरी बांधली, आणि स्वतः कधी लावलाच नाही.

मग तो चिडला. खड्डा पाडला म्हणून चिडला असता तर मी पाय धरले असते. तो चिडला मी सांगितलं म्हणून. ज्याची जागा सापडत नाही ते झालंच नाही, म्हणाला. तोंड बंद ठेव, नोकरी आहे तशीच राहील. मी म्हटलं की एका माणसाला सापडलं. तो म्हणाला की आंधळ्याला.

तिथे माझं डोकं फिरलं. पण हात उचलला नाही, तेवढं ऐका.

बुधवारी प्रमाणपत्राचा तपासनीस आला, वर्षाची सही करायला. भिंग घेऊन गाडीभोवती फिरला, म्हातारीला वा वा म्हणाला, पेन काढलं. मी पुढे होऊन सांगितलं. त्याच्या खिशात लोहचुंबक असतं, ते दरवर्षी खिशातच राहतं, कारण या गाडीला लावून बघणं म्हणजे तिचा अपमान. त्याने ते काढून मी दाखवलं तिथे टेकवलं. बाजूच्या पत्र्याला चिकटलं, तिथे घसरलं. तुम्ही त्या दोघांची तोंडं बघायला हवी होती. मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की तुम्हाला दिसायला हवं होतं.

प्रमाणपत्र गेलं. चौकटीची जागा भिंतीवर पांढरी दिसते. मला त्याच दुपारी काढलं. काठ राहिला होता तो तसाच आहे. सामान बांधलंय, मित्राच्या खोलीवर आहे, तुमचं उत्तर आलं की बसने येतो. हात खिशातून काढा. खोटं तुमचं नव्हतं, माझं होतं, आणि ते मी खरं सांगून फेडलं.

पायांवर डोकं. गुडघा सांभाळून ठेवतो.
भिंगरी


९ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी सांगतोय, ताई लिहिते आहे. पत्र दोन वेळा वाचून घेतलं.

नोकरी गेल्याचं तू पानभर लिहिलंस आणि काठाचं अर्ध्या ओळीत. यावरून तुझी अक्कल कळते. खरं सांगितलंस ते बरं केलंस. त्याबद्दल पाठ थोपटायची नाही, ते सगळेच करतात, म्हणजे करायला हवं. मालक आणि तपासनीस गाढव आहेत हे खरं. पण गाढवांसमोर वाईट काम केलं म्हणून ते चांगलं होत नाही.

खोटं तुझं नव्हतं. ते मी बोललो, माझ्या तोंडाने. तू कुठे जाशील या भीतीने बोललो. ते तू फेडू नकोस, तुला जमणार नाही.

तुझं ते तू फेड. रंग जुळवलास. तो मला दिसला नाही, पण कोणालाच दिसला नाही म्हणजे जुळला असणार. भरण बरोबर होतं. काठावर मात्र नखाएवढी पायरी आहे. ती तशी ठेवून सामान कसं बांधलंस? कामावरून काढलं म्हणजे कामातून सुटलास का? प्रमाणपत्र गेलं, तेव्हा आता तिला घासायला कोणाची मनाई? जा आणि कर. पॉलिश पेपरखाली लाकडाचा ठोकळा धर, बोटांनी घासू नकोस. भरलेल्या जागेच्या बाहेर चार बोटं जा. पाणी कमी पडू देऊ नकोस. आणि डोळे मीट, ते तुला फसवतात.

मग ये. आधी आलास तर मी दार उघडायला उठणार नाही, गुडघा दुखतोय असं ताई सांगेल आणि ते खरं असेल.
बाबा

(मी ताई. सांगताना बाबा उजवा हात खिशाबाहेर काढून हवेत घासून दाखवत होते, चार बोटं म्हणजे किती ते. हात बाहेर आलाय हे त्यांना कळलं नाही. मी लिहीत राहिले.)


१७ जून
(पांढरा)

ती. ताईस आणि ती. बाबांस,
दोघांना सा. न. वि. वि.

मालकाच्या फाटकाशी तीन दिवस उभा राहिलो. पहिल्या दिवशी हाकललं, दुसऱ्या दिवशी ओळख दाखवली नाही. त्याने दरम्यान दुसरा रंगारी बोलावला होता. अख्खं मडगार्ड नवं करून देतो म्हणाला. त्याने नमुन्याच्या पत्र्यावर हिरवा मिसळून दाखवला तो डबक्यातल्या शेवाळासारखा. तिसऱ्या दिवशी मालकाने फाटक उघडलं. दुपारपर्यंत वेळ, म्हणाला, आणि पगार मागायचा नाही. मी म्हटलं की पगाराचं काम आधीच करून झालंय, हे फुकटचं राहिलंय.

ठोकळा घेतला. चार बोटं बाहेर गेलो. बादलीभर पाणी संपवलं. मालक थोडा वेळ बघत उभा होता, मग पाठ फिरवली, बघवत नाही म्हणाला. मी म्हटलं, नका बघू, बघून तुम्हाला काही कळत नव्हतंच.  जाताना माझ्या हातात कोरडं फडकं देऊन गेला.

काठाला पुन्हा हिरवा दिला, सुकू दिला, घासला. डोळे मिटून तळहात फिरवला. मग रुमाल खाली धरून फिरवला. मग हाताची मागची बाजू टेकवली. चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळी जागा शोधायला डोळे उघडावे लागले.

बाबा, काम चांगलं झालं असं मी म्हणत नाही. काठ लागत नाही, एवढंच कळवतो.

गुरुवारच्या बसने निघतो. माया माझ्या वाटेवर ठेवा.
तुमचा
भिंगरी